पाव्हण्यांपुरती विहीर

जीप थांबायच्या आधीच बाबुलालनं उडी मारली आणि पाणी तपासायला आलेल्या साहेबांना घेऊन सरळ आपल्या विहिरीवर आला. वाकून पाहतो तर काय, पाणी इतकं नितळ की तळ दिसून राहिला होता. कधीकाळी दोर तुटून पडलेली बादलीसुद्धा दिसत होती.

"हीच का हो तुमची विहीर?" साहेबांनी विचारलं.

बाबुलालला क्षणभर स्वतःचीच खात्री वाटेना.

विहिरीला लागूनच आर्णी रोडवरचा बंद पेट्रोलपंप. मालक पंप सोडून गेला, पण जमिनीतल्या टाक्या काही सोबत नेल्या नाहीत. त्या गंजल्या, फुटल्या. विहिरीच्या पाण्याला आधी वास सुटला, मग वर तवंग आला, मग बैलानं तोंड लावणं सोडलं. सगळा तांडा टँकरवर आला. आज नमुन्यात डिझेल निघालं असतं, तर टाक्या उपटून काढायचा हुकूम निघणार होता. साहेब अर्ध्या रस्त्यातून परत फिरू नयेत म्हणून बाबुलाल कालच यवतमाळला गेला होता आणि आज त्यांच्याच जीपमध्ये, यंत्राची पेटी मांडीवर घेऊन आला होता.

तेवढ्या वेळात तांड्यानं डाव साधला होता.

हार घेऊन पुढे आलेल्या सरपंच हिरासिंगनं मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. साहेबलोक पहिल्यांदाच येणार, म्हणून मोटर लावून विहीर उपसली. भिंती सोड्यानं घासल्या. मग टँकरवर टँकर आत रिकामे केले. पंपाच्या काळ्या, चिकट मातीत साहेबांचे बूट भरतील म्हणून ती खालच्या सिमेंटपर्यंत खरवडून काढली, तिथं टेकडीवरचा लाल मुरूम आणून पसरला, वर शेणाचा सडा घातला, रांगोळी काढली. पाण्यात तुरटी तेवढी बाबुलालच्या बायकोनं, सोनीबाईनं फिरवली.

"कायले केलं वं?" बाबुलालनं तिला बाजूला घेऊन विचारलं.

"मंग काय करू? एवढे मोठे पाव्हणे येऊन राह्यले, अन् त्यायले ते घाण पानी दाखवू? मले लाज नाही का?"

बाबुलालला राग यायला पाहिजे होता. पण आला नाही. जीपमध्ये बसून पायाला मुंग्या आल्या होत्या, त्या आता वर वर चढत छातीपर्यंत आल्यासारख्या वाटल्या.

साहेबांनी डिझेलची वाफ मोजायचं यंत्र विहिरीत सोडलं. आकडा शून्य. मग पंपाच्या आवारात मातीत लांब गिरमिट फिरवलं. ते मुरुमातून गेलं आणि खालच्या सिमेंटवर ठक्कन अडलं. वर आला तो मुरूम. तिथंही शून्य. शेणाचा वास चांगला दरवळत होता, पण तो मोजायची सोय यंत्रात नव्हती.

"साहेब," बाबुलाल म्हणाला, "हे पानी टँकरचं हाय. माह्या विहिरीचं नोहे."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून घाम पुसला. "कळतंय हो मला. पण आदेशात बाबुलाल राठोड यांची विहीर एवढंच लिहिलंय. आत पाणी कोणाचं असावं, ते लिहिलेलं नाही."

पुन्हा यायचं तर पुन्हा आदेश निघायला हवा होता. हा आदेश निघायला किती काळ लागला ते बाबुलालला माहीत होतं. साहेबांना नव्हतं. अर्ज पडला तेव्हा ते कॉलेजात होते.

बाटल्या भरल्या, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटल्या. निघताना हिरासिंगनं हात जोडून विचारलं, पानी कसं काय वाटलं. साहेब म्हणाले, अहवाल लॅबमधून येईल तो खरा, पण वरवर पाहता तरी उत्तम आहे. त्यातलं उत्तम तेवढं हिरासिंगनं उचललं आणि तांडाभर फिरवलं. जीप वळणाआड जाईपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते.

धूळ बसली नव्हती तोच टँकर आला. धरणावर भरायला निघालेला. हिरासिंगनं हात आडवा करून तो थांबवला.

"आता धरनावर कायले जातं? इथंच भर. बाबुलालभाऊ, पुण्य लागन तुले."

"हिरासिंग, हे त्या टँकरचंच पानी हाय."

"टँकरचं असो का कोनाचं. साहेबानं पास केलं ना आता?"

ड्रायव्हरनं पाइप विहिरीत सोडला. बाया हंडे घेऊन टँकरमागं उभ्या राहिल्या. विहीर तिची, म्हणून पहिल्या हंड्याचा मान सोनीबाईला मिळाला. ती लाजून पदर सावरत पुढे झाली.

मोटर सुरू झाली तसं पाणी भराभर खाली उतरलं. पंपाच्या बाजूची कपार उघडी पडली. तिच्यातून एक काळी धार सुटली, आणि पाण्यावर निळा-जांभळा रंग हळूहळू पसरत पाइपाच्या तोंडाकडे सरकला.

"भाऊ, पाइप धर ना जरा," टँकरवरून ड्रायव्हर म्हणाला. "घसरून राह्यला."

बाबुलालनं दोन्ही हातांनी धरला.