कन्यादानाचा पाट

डोळ्यांखालचे खड्डे भरायचे तर फिलरची इंजेक्शनं लग्नाच्या महिनाभर आधी घ्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी चारच दिवस आधी घेतली. लग्नाच्या सकाळी आरशात बघते तर डोळ्यांखाली दोन टम्म पुऱ्या. मृण्मयी, माझी सावत्र लेक, मुंडावळ्या सावरत पोट धरून हसली.

कार्यालयात वन्सं समोर आल्या. कन्यादानाला त्यांच्या भावाशेजारी मी नको, म्हणून आम्हा दोघांऐवजी धाकटे दीर-जाऊ बसतील, हे त्यांनीच ठरवलं होतं. सावत्र आईला काय वाटायचंय? बारा वर्षांत त्यांनी मला ‘वहिनी’ म्हटलं नव्हतं.

त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "अहो, किती रडलात?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मृण्मयीने माझा हात दाबला. "चार दिवस रडतेय, आत्या. कुणाचं ऐकत नाही."

वन्संनी पदर डोळ्यांना लावला आणि पाटावर बसलेल्या दीर-जावेला उठवलं. "वहिनी, तुम्ही दोघं बसा. लेक तुमची आहे."

मृण्मयीच्या ओंजळीवर पाण्याची धार सोडताना मला खराखुरा हुंदका फुटला.

"आई, आता पुरे," ती कानाशी पुटपुटली. "तुझं चार दिवस रडून झालंय."