ठोसर मॅडमचा श्वास

श्वासावरून आजार ओळखणारा वर्णपटमापक कॉलेजात आल्यापासून तृतीय वर्षाच्या प्रॅक्टिकलला ठोसर मॅडम स्वतःच नळीत श्वास सोडत. निरोगी माणसाचा स्वच्छ आलेख, मुलांना वाचायला सोपा.

यंदा जर्नलं तपासताना रुकसाना पटवेकरने काढलेल्या आपल्या श्वासाच्या आलेखात त्यांना एक जादा शिखर दिसलं. ते फुप्फुसातल्या गाठीचं, हे त्यांनीच वर्गाला शिकवलं होतं. ते उमटेपर्यंत उपचारांची वेळ टळून गेलेली असते, हेही.

मॅडमनी ते जर्नल रुकसानापुढे धरलं.

"माझंच चुकलं असेल हो, मॅडम," समोर उभी रुकसाना रडवेली होऊन म्हणाली. "बाकी बावीस जणांना नाहीये ते."

मॅडमनी अधाशासारखी बावीस जर्नलं उघडली. खरंच, एकातही ते शिखर नव्हतं.

"पांडुरंगा, वाचवलंस रे बाबा! केवढं घाबरवलंस गं पोरी!"

मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली. खोलीचं तापमान अठरा अंश. बावीसच्या बावीस जर्नलांत अठरा! एप्रिलच्या उन्हात? गेल्या वर्षी हे प्रॅक्टिकल जानेवारीत झालं होतं, आणि पोरांनी सीनियरांची जर्नलं जशीच्या तशी उतरवली होती. फक्त रुकसानाने एकोणचाळीस लिहिले होते.

"परत रीडिंग घेऊ या ना, मॅडम. सही नका करू."

"बरोबर आलंय गं बाई," मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. "अख्ख्या वर्गात तू एकटीच शिकलीस."