चौथा बोया

"तार आणखी एक वेढा फिरवा," होडी क्लबाचे प्रमुख मोरिवाकी-सान म्हणाले. "हिवाळा लांब आहे."

चंद्रहासने पिनेच्या भोकातून तार पुन्हा ओवली, शॅकलभोवती फिरवली आणि पकडीने पीळ दिला. शॅकल म्हणजे साखळीचे दोन तुकडे जोडणारी लोखंडी कडी; क्लबाच्या होड्या ज्या तरंगत्या बोयांना बांधत, ते अशा साखळ्यांनी तळाशी अडकवलेले असत. तिची पिन तारेने जखडली नाही, तर लाटांच्या हेलकाव्यांनी ती कणाकणाने फिरत जाते आणि एक दिवस गळून पडते.

काम झाल्यावर त्याने शॅकलकडे बोट रोखलं आणि मोठ्याने म्हटलं, "योशी!"

म्हणजे ठीक आहे, तपासलं. नागोयाच्या कारखान्यात बारा वर्षं तो हेच करत आला होता. घरी गॅसचं बटण बंद केल्यावरही त्याचं बोट आपोआप उठे.

मागच्या वर्षी चौथ्या बोयालाही तो योशीच म्हणाला होता. पिन घट्ट केली, बोट दाखवलं, तेवढ्यात जेवणाची हाक आली. तार तराफ्यावरच राहिली. जेवून आल्यावर तो पाचव्या बोयाकडे वळला.

जानेवारीतल्या वाऱ्यात चौथ्या बोयाची साखळी सुटली. तिथली होडी ओकुदा-सानांची. सकाळी ती खडकांकडे वाहत चाललेली त्यांना दिसली. त्यांनी वल्ह्यांची छोटी नाव काढली आणि एकटेच तिच्यामागे गेले. वय एकाहत्तर. होडी तासाभरात सापडली. ते दुपारी सापडले.

साखळी वर काढली तेव्हा पिन नव्हती. कोणी कुठला बोया केला, याची नोंद ठेवायची क्लबात पद्धत नव्हती. बोयांचं काम झालं त्या दिवशी सात जण होते. ज्याच्या हाताशी जे येईल ते तो करी. "क्लबाकडून चूक झाली," एवढंच मोरिवाकी-सान म्हणाले आणि सगळे ओकुदाबाईंपुढे कमरेत वाकले. चंद्रहासही वाकला.

त्यानंतर कोणी त्याला काही विचारलं नाही. मात्र चौथ्या बोयाचा विषय निघाला की बाकीचे सहाही जण नजर चुकवत. त्यांना ठाऊक आहे, अशी चंद्रहासची खात्री झाली होती.

बाराच्या सुमाराला सगळे किनाऱ्यावर आले. ओकुदाबाई नेहमीप्रमाणे सूप घेऊन आल्या होत्या. चंद्रहासची बायको सुलेखाने तिखट कमी घालून थालीपिठं आणली होती.

"सुलेखा-सान नसत्या, तर या थंडीत कामाला कोणी फिरकलं नसतं," तिसरं थालीपीठ उचलत मोरिवाकी-सान म्हणाले.

"म्हणजे गेली आठ वर्षं तुम्ही साखळ्यांसाठी येतच नव्हता तर!" सुलेखा म्हणाली. सगळे हसले. ओकुदाबाईही हसल्या.

चंद्रहास हसला नाही. सुलेखा त्याच्याजवळ येऊन बसली आणि मराठीत हळूच म्हणाली, "आजच बोलणारेस?"

"मार्चमध्ये बदली आहे. मग काय मुंबईहून पत्र पाठवू?"

"अरे, पण बोलून माणूस परत येणारे का?"

"नाही. पण वर्ष झालं, त्या मला सूप वाढतायत आणि मी ते पितोय. हे आता जमत नाही मला."

"आणि त्या तोंडावर काही बोलल्या तर?"

"बोलू देत. तेच ऐकायचंय."

सुलेखा त्याच्या जाकिटावर सांडलेलं सूप पुसत म्हणाली, "तुझं जपानी ऐकून त्यांना वाटेल, तू त्यांचं पातेलं करपवलंस म्हणून माफी मागतोयस. सावकाश बोल."

जेवण आटोपलं. मंडळी तराफ्याकडे परतली. ओकुदाबाई क्लबघरातल्या मोरीपाशी वाडगे विसळत उभ्या होत्या. चंद्रहास दारात थांबला. वाक्यं त्याने गाडीत येताना पाठ केली होती. पहिलंच वाक्य आठवेना.

"चंद्रहास-सान? सूप हवंय का आणखी?"

"नको. मला सांगायचंय. चौथा बोया मी केला होता."

त्यांचा हात थांबला.

"पिन मी घट्ट केली, पण तार बांधली नाही. तार तराफ्यावर राहिली, डाव्या बाजूला, पकडीच्या खाली. जेवून आल्यावर मी ती तिथेच पाहिली. ती पाचव्या बोयाची आहे असं मला वाटलं, आणि पाचव्यालाच वापरली. चौथ्याकडे बोट दाखवून मी योशी म्हटलं होतं. न बघता म्हटलं होतं. तुमचे यजमान माझ्यामुळे गेले. वर्षभर मला तोंड उघडता आलं नाही. तुम्ही माफ करावं असं मी म्हणत नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं."

तो वाकला आणि तसाच राहिला. नळाचं पाणी वाहत होतं. मग ते बंद झालं.

"उठा," ओकुदाबाई म्हणाल्या.

तो उठला नाही. त्यांनी टॉवेलला हात पुसले आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

"फेब्रुवारीत पहिले मोरिवाकी-सान आले," त्या म्हणाल्या. "चौथा बोया मी केला होता, म्हणाले. मग एकेक करून बाकीचे आले. सहाही जणांनी हेच सांगितलं, दोष कोणा एकाच्या माथी येऊ नये म्हणून. परदेशी माणसाला हे कसं सुचणार, म्हणून मी तुमची वाट पाहिली नव्हती."

"नाही, ओकुदा-सान, माझं खरंच..."

"मला कळतं," त्या त्याचा हात दोन्ही हातांत घेत म्हणाल्या. "पण इतकं खरं वाटेल असं त्यांच्यातल्या कोणालाच सांगता आलं नाही."