दारातला कागद

चार दिवस झाले, फ्रीझरमध्ये बर्फ काही धरेना. सून दार उघडं टाकते, असा ठपका ठेवून सासूबाई मोकळ्या झाल्या. सुनेचं म्हणणं, दाराचं रबर सैल झालंय.

मेकॅनिकने फ्रीझर पार रिकामा केला. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. "सुटली तर रबर गेलं, आजी." वरच्या बाजूला सुटली नाही, खालीही नाही.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

"कडेची बाजू राहिलीय अजून, आई."

रबर सैल निघालं तर सुनेपुढे नमतं घ्यावं लागणार होतं, आणि ते सासूबाईंनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. शेवटची पट्टी त्यांनी स्वतःच दारात अडकवली आणि जोर लावून ओढली. ती जागची हलली नाही.

"आता बोल," असं म्हणून त्यांनी पट्टी सोडली.

सून दाराकडे बघत होती, मेकॅनिकही. बाहेर राहिलेला वीतभर कागद हळूहळू, न चुरगळता, आत चालला होता.

हातचं सोडणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी टोक पकडलं.

आतली ओढ थांबली. मग वाढली.