दादांचं जॅकेट

महापालिकेची निवडणूक जवळ आली, तसं बाळकुमच्या खाडीत रविवारी हौसेने गळ टाकायला जाणाऱ्यांना उमेदवार प्रफुल्लदादांनी कबूल केल्याप्रमाणे लाइफ जॅकेटं वाटली. छातीवर दादांचा हसरा फोटो. धनेशने त्याच दिवशी होडीला बांधलेले रिकामे कॅन सोडून टाकले.

"होडी उलटली तर कशाला धरशील?" बहिणीने, कल्पिताने विचारलं.

"आता जॅकेट हाय ना!"

कल्पिताने जॅकेट पाण्याच्या पिंपात टाकलं. थोडा वेळ ते तरंगलं. मग आतल्या स्पंजने पाणी शोषलं आणि दादा हसत हसत तळाशी गेले.

"पिंपातलं पाणी गोडं हाय," धनेश म्हणाला. "खाऱ्यात तरंगेल."

तिने पिंप रिकामं करून खाडीचं पाणी भरलं आणि वाळवलेलं जॅकेट पुन्हा टाकलं. दादा पुन्हा तळाशी गेले.

"तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. दादा आपल्या गावचे हायत, आपल्याला बुडवतील का?"

रविवारी प्रचाराच्या व्हिडिओसाठी दादा स्वतः आले. त्यांनी तेच जॅकेट चढवलं, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि धनेशच्या होडीत एक पाय ठेवला. मग ते थबकले.

"धन्या, तुझे कॅन कुठे गेले रे?"

"काढले, दादा. तुम्ही जॅकेट दिलंत ना."

दादांनी पाय मागे घेतला.

"येडा हायस का? आधी कॅन बांध, मग शूटिंग."