जावेच्या कुंडीतल्या अळ्या

शालनने धाकट्या जावेच्या, कुमुदच्या कुंडीत गुपचूप अळ्या सोडल्या आणि हात पदराला पुसले.

दोघींच्या नवऱ्यांना कॅन्सरची गाठ. दवाखान्याने ज्याच्या-त्याच्या गाठीच्या पेशी पाहून एकेक रोप घडवून दिलं होतं. रोज त्याच्या पानांचा काढा, हेच औषध. शालनने आपलं रोप सावलीत, लेकरासारखं जपलं. तरी उतार पडला तो कुमुदच्या नवऱ्याला! शालनचा नुसता जळफळाट झाला होता.

अळ्या सोडल्यावर महिन्याभरात कुमुदच्या नवऱ्याची गाठ पार विरली.

“अळी कुरतडायला लागली की झाड जिवाच्या भीतीने फ्लेवोनॉइड नावाचं द्रव्य जास्त बनवतं, तेच गाठीला मारतं,” डॉक्टरीणबाई शालनला म्हणाल्या. “तुमचं रोप नुसतं लाडावलंय.”

ती घरी आली तेव्हा कुमुद वाटी घेऊन दारातच उभी होती. वाटीत अळ्या वळवळत होत्या.

“घ्या जाऊबाई, तुमच्याच आहेत. सोडताना पाहिलं होतं मी.”