मोज्याची आकडी

"मिसाओ, आकडी सुटली बघ."

मिसाओ मूर्तींकडे पाठ करून खाली वाकली. देवळात चपला बाहेर ठेवून नुसत्या मोज्यांवर चालायचं, आणि सासूबाईंच्या पांढऱ्या मोज्यांचे चाळे तिलाच निस्तरावे लागत. मोजा घोट्याजवळ बंद करणारी आकडी दरवर्षी इथेच सुटायची, मधल्या खांबापाशी.

पाठीवर कुणाची तरी नजर रुतली. दरवर्षी रुतायची.

"आई, इथं कुणीतरी बघत असतं."

"हजार कान्नोन देवी उभ्या आहेत. देव बघणार नाहीत तर काय करतील?" तोमिए म्हणाली. "ऊठ, मागे लोक खोळंबलेत." आणि दंड धरून तिने सुनेला पुढे ओढलं.

सोनेरी मुलाम्याच्या त्या हजार मूर्तींत, ज्याच्या भेटीची ओढ असते त्याचा चेहरा सापडतो, असं क्योतो शहरात म्हणतात. तोमिएचं म्हणणं त्याच्याही पुढचं होतं. सापडतो तो मेलेल्याचाच. युद्ध संपलं, माणसं परतली. तिचा मुलगा योशिरो आला नाही, त्याची खबरही नाही. चेहरा दिसत नाही तोवर तो जिवंत, आणि तोवर मिसाओ त्याची बायको. मिसाओनेही ते कबूल केलं होतं.

गल्लीतला टोफूवाला हिराता लग्नाचं विचारून मिसाओच्या उत्तरासाठी थांबला होता.

"नाही ना दिसला?" बाहेर आल्यावर तोमिएने विचारलं.

"नाही."

"मग हिराताला म्हणावं, थांब अजून. त्याच्या मालासारखाच मऊ आहे मेला, थांबेल."

घरी तिने योशिरोच्या रिकाम्या जागेपुढे रोजच्यासारखा वाफाळत्या भाताचा वाडगा ठेवला. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "तू गेलीस, तर दुसरा वाडगा कुणापुढे ठेवू गं?"

पुढच्या हिवाळ्यात तोमिएने अंथरूण धरलं.

"या खेपेला एकटीच जा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आता माझ्यासाठी वाकायचं नाही. नीट बघ."

थंडगार फळ्यांवरून मिसाओ एकेक चेहरा निरखत निघाली. डोळे, ओठ, हनुवटी. एकही ओळखीचा नव्हता. मधल्या खांबापाशी पाय आपोआप थांबले. सवयीने ती मूर्तींकडे पाठ करून वाकली, पण समोर नुसती फळी होती.

पाठीवर तीच नजर होती. ती सावकाश उठली आणि वळली.

दुसऱ्या ओळीतून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, योशिरो तिच्याकडे बघत होता.